दुसऱ्यांदा बघणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमच्या स्कूटरवर मागे बसणं म्हणजे चारचौघांत स्वतःची शोभा करून घेणं. त्या धायरीत राहायच्या, मीही तिथंच भाड्याच्या खोलीत, आणि दोघींना जायचं एकाच हॉस्पिटलात, त्यामुळे हा योग रोज सकाळी यायचा. एक हेल्मेट त्यांच्या डोक्यावर, दुसरं माझ्या. सिग्नलला शेजारी कोणी बिनहेल्मेटचा येऊन थांबला की त्या स्वतःची काच वर करायच्या आणि लग्नघरात ओळख करून घ्यावी तशा आवाजात म्हणायच्या, "अहो, आपला सीटी स्कॅन मीच बघणार आहे. आत्ताच भेटलो ते बरं झालं."

पोरं बावचळायची. मी हेल्मेटच्या आत जमेल तेवढं तोंड लपवायची. एकदा मात्र एक पिकल्या केसांचे गृहस्थ सापडले, अस्सल पेठेतले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, माझ्या डोक्यात बघण्यासारखं काही नाही." मॅडम म्हणाल्या, "ते स्कॅन न काढताही कळतंय." सिग्नल सुटला. दोघंही खूश होऊन आपापल्या वाटेला लागले, आणि मी एकटी दिवसभर ओशाळलेली राहिले.

मॅडम रेडिऑलॉजी विभागाच्या प्रमुख होत्या. सोलापूर रस्त्यावरचे बरेचसे अपघात आमच्याकडे येतात. आलेला माणूस बेशुद्ध तरी असतो, नाहीतर नुसता विव्हळत असतो. कुठं दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. सर्जन हातमोजे चढवून उभा असतो. अशा वेळी माणसाला मशीनमधून सरकवून आतले फोटो काढायचे आणि काय तुटलंय, कुठं रक्त वाहतंय हे सर्जनला सांगायचं, हे आमचं काम. आम्ही चुकलो तर तो चुकीच्या जागी कापतो, किंवा जिथं कापायला हवं तिथं कापत नाही.

मी वर्ध्याकडची. नवी डॉक्टर म्हणून आले तेव्हा मॅडम मला 'आपण' म्हणाल्या की मला वाटायचं, पुण्याचे लोक किती अदबीचे. मग हळूहळू उलगडा झाला. खूश असल्या की त्या 'काय गं' म्हणायच्या, नेहमीच्या कामात 'अहो' म्हणायच्या, आणि 'आपण' म्हणाल्या की पाणी डोक्यावरून गेलं असं समजायचं. एका शिकाऊ सर्जनने फोनवर घाई केली, तर म्हणाल्या, "आपण पोट उघडून ठेवा, मी फोटो बघून कळवते आत काय काय आहे ते." तो पुन्हा कधी घाई करायला धजला नाही.

उन्हाळा असो की थंडी, साडीवर पुरुषी बिनबाह्यांचा स्वेटर. स्क्रीनवर कुणाचा स्कॅन लावलेला असेल तर त्या खोलीत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत आणि आम्हालाही घेऊ द्यायच्या नाहीत. एकदा एकाने वडापाव आणला, तर म्हणाल्या, "समोर माणूस आतून-बाहेरून उघडा पडलाय आणि आपण चटणी चाटताय." तो वडापाव त्याने जिन्यात उभं राहून संपवला.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. आमच्या धंद्यात एक चूक सगळ्यांकडून होते, ती अशी. फोटोत एखादी मोठी गोष्ट सापडली, मोडलेली मांडी म्हणा, फुटलेलं यकृत म्हणा, की डोळा सुखावतो. सापडलं एकदाचं, असं त्याला वाटतं, आणि पुढचं तो नुसतं बघितल्यासारखं करतो. मॅडम याला म्हणायच्या, डोळ्याने ढेकर दिला. यावर त्यांचा इलाज असा, की पहिली इजा सापडली की ती सर्जनला कळवायची, मग खुर्चीवरून उठायचं, खुर्चीला एक फेरी मारायची, आणि हा माणूस आत्ताच आत आणलाय असं समजून पहिल्यापासून बघायला बसायचं. विभागप्रमुखांसकट सगळ्यांनी. सगळं हॉस्पिटल आमच्या खोलीला 'संगीत खुर्ची' म्हणायचं. बाहेरगावचे डॉक्टर काचेतून आम्हाला फेऱ्या मारताना बघायचे तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. घरी म्हणे नवऱ्याने चष्मा सापडला असं सांगितलं तरी त्या विचारायच्या, "आणि दुसरा?"

'बाकी सर्व ठीक' हे शब्द रिपोर्टात लिहायला त्यांची बंदी होती. त्यांचं म्हणणं, लग्नपत्रिकेत 'आग्रहाचे निमंत्रण' असतं तसे ते शब्द आहेत, लिहिणारा न बघता लिहितो. जे ठीक असेल त्याचं नाव घेऊन ते ठीक आहे असं लिहायचं. म्हणजे निदान नाव घेताना तरी तिकडे नजर जाईल.

त्यांची आठवण आली की आधी मला हसू येतं. मग लाज वाटते, आणि ती बराच वेळ जात नाही.

लोणी काळभोरच्या एक बाई होत्या. घरची फुलशेती. झेंडूचे क्रेट टेम्पोत भरून मुलाबरोबर मार्केट यार्डात निघाल्या होत्या, सकाळी सकाळी. टेम्पो उलटला. मुलाला खरचटलं, बाई क्रेटखाली दबल्या. आमच्याकडे आणल्या तेव्हा अंगाला अजून झेंडूचा वास येत होता, असं तंत्रज्ञ सांगत होता. मी त्या दिवशी रजेवर होते, हे सगळं मला मागाहून कळलं.

स्कॅन मॅडमनी स्वतः बघितला. प्लीहा फाटली होती आणि पोटात रक्त साठत होतं. मॅडमनी ते बघता बघता हेरलं आणि सर्जनला फोन करून सांगितलं, बाकीच्या तपासण्यांसाठी थांबू नका, आत घ्या. त्यांनी घेतलं. थोड्या वेळाने सर्जनचाच खाली फोन आला की आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई हाताला लागल्या नसत्या. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला. नेमाप्रमाणे मॅडम चहा प्यायला बाहेर गेल्या.

म्हणजे त्या खुर्चीतून उठल्या होत्या. पण परत आल्या त्या बघायला नाही, लिहायला. उरलेला रिपोर्ट त्यांनी एका दमात सांगून टाकला. मेंदू ठीक, फुप्फुसं ठीक, मानेचे मणके ठीक. एकेकाचं नाव घेऊन.

मणके ठीक म्हटल्यावर वॉर्डात बाईंच्या गळ्याचा, मान हलू नये म्हणून लावलेला पट्टा काढला. दोन-तीन दिवसांनी त्यांना उठवून बसवलं, आणि त्यानंतर त्यांच्या हातांतली शक्ती जात राहिली. पेला धरवेना. एमआरआय झाला, मानेचं तातडीचं ऑपरेशन झालं. पाय वाचले. हातांच्या बोटांना मिटायचं कसं ते पुन्हा आठवलं नाही.

जुना स्कॅन मला काढायला सांगितला. बारीक रेघ होती, मानेच्या खालच्या एका मणक्यात. अस्पष्ट होती असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मी मॅडमना बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या, बघितलं, उठल्या, खुर्चीला फेरी मारली, परत बसल्या, पुन्हा बघितलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

वडीलधाऱ्या माणसाची फजिती आपण दाराआडून बघावी आणि त्यांनाही ते कळावं, तसं मला झालं. मी उगाचच म्हटलं की घाईत कुणाच्याही नजरेतून सुटली असती. त्या म्हणाल्या, "आपण कृपा करून माझी समजूत घालू नका."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने रिपोर्ट दुरुस्त केला. पण तो इंग्रजीत, आणि कॉम्प्युटरच्या पोटात. बाईंच्या घरचं कोण तो वाचणार होतं? हॉस्पिटलच्या साहेबांनी मॅडमना आणि मला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. बाई तुमच्यामुळेच वाचल्या आहेत, अपघातात माणसाचे हात जातात, आणि अंतर्गत चौकशी पुरी होईपर्यंत नातेवाइकांशी कोणी काही बोलू नये. मॅडम म्हणाल्या, "आपण म्हणता तसं." मी सावरून बसले, आता साहेबांची खैर नाही म्हणून. पण त्या तेवढ्यावरच उठून खाली आल्या. निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. ते कारण होतं की दुसरं काही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

आमच्या गप्प बसण्याची जागा रिकामी राहिली नाही. हात का गेले, हे घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते आपल्या परीने शोधून काढलं. मुलाचं लग्न त्याच सराईत झालं होतं. नवी सून घरात आली आणि घरच्या लक्ष्मीचे हात गेले. हा पायगुण. बाईंची नणंद वॉर्डात उघड बोलायची. ती नवी सून डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहायची, सासूला पाणी पाजायची तिला परवानगी नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरने हे आम्हाला सांगितलं, नेहमीची गंमत सांगावी तसं.

मॅडम उठल्या आणि थेट वर गेल्या. मी मागोमाग. बाईंचे यजमान बाहेर बाकावर बसले होते. मॅडमनी तोंड उघडलं, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय," आणि त्या माणसाने सगळ्यांसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तुमी देव हाय, म्हणाला. मॅडम त्याला उठवायला वाकल्या. तेवढ्यात राउंडवर आलेल्या सर्जननी त्यांना कोपराला धरून बाजूला घेतलं, मॅडम तुम्ही दमलात, म्हणत. दाराशी ती मुलगी डबा घेऊन उभी होती. आम्ही तिच्यासमोरून खाली आलो.

त्यानंतर आणखी एकदा मॅडम वर गेल्या. त्या वेळी सांगायच्या आधीच हातावर पेढे पडले. मग बाई घरी गेल्या. चौकशीचा निकाल लागला, 'अपघाताची गुंतागुंत' असा. मॅडम सिग्नलला बोलेनाशा झाल्या. बिनहेल्मेटची पोरं शेजारी येऊन थांबायची आणि सुखरूप निघून जायची. मला हायसं वाटायला हवं होतं.

बऱ्याच महिन्यांनी बाईंचे यजमान नारळ घेऊन आले. घरी देवीचा गोंधळ घालायचा ठरलाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आहे, मॅडमनी यायलाच पाहिजे. मंडळींना आपल्या हातानं तुमची वटी भरायचीय, म्हणाले. मॅडमनी कामाची सबब सांगितली. मग बोलता बोलता यजमानांनी सहज सांगितलं, की एवढं कार्य उरकलं की पोरगा सुनेला माहेरी नेऊन सोडणार आहे, कायमचीच. पोरगी वाईट नाही, पण पायगुण बरा नाही, घरात नको.

"कार्य कधी आहे?" मॅडमनी विचारलं.

आम्ही स्कूटरवरूनच गेलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या की आज सांगायचं आहे. खरं सांगते, मागे बसल्या बसल्या मी मनात म्हणत होते की त्यांनी सांगू नये. त्या मुलीचा मी विचारच करत नव्हते. एवढ्या लोकांत मॅडमची मान खाली गेलेली मला बघायची नव्हती, आणि त्यांच्या शेजारी माझी.

अंगणात मांडव होता, पुरुषांच्या पंगती चालल्या होत्या. आम्हाला आतल्या खोलीत नेलं. दहा-पंधरा बायका. मला डॉक्टर म्हणून पाटावर बसवलं, एका म्हातारीने माझ्याही पायांना हात लावला, मी पाय आखडून घेतले तर तिला तो विनय वाटला. सून मागच्या दाराशी खरकटी भांडी जवळ ओढून बसली होती. कार्यातल्या कुठल्याच गोष्टीला तिला हात लावू दिला नव्हता.

बाई आल्या. चांगल्या धडधाकट दिसत होत्या, फक्त हात अंगाशी लोंबत होते. ताट नणंदेने धरलं होतं, खण, नारळ, तांदूळ. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पसरला. बाईंना ओटी स्वतःच भरायची होती. दोन्ही तळवे एकमेकांना टेकवून त्यांनी तांदूळ उचलले, पण बोटं मिटत नव्हती. पदरापर्यंत येता येता निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. बाई हसल्या. हात अजून येड्यावानी करत्यात, म्हणाल्या, येतील वळणावर. आणि दुसऱ्यांदा ताटाकडे वळल्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आधी ऐका. तुमच्या मानेचं हाड पहिल्याच दिवशी मोडलेलं होतं. ते फोटोत दिसत होतं. बघायचं काम माझं होतं. मला पोटातलं सापडलं आणि मी मान नीट बघितलीच नाही. ठीक आहे असं लिहून दिलं, म्हणून तुमचा पट्टा काढला. म्हणून हात गेले."

बाहेर पंगतीत कुणीतरी भाजी मागत होतं.

"पट्टा ऱ्हायला असता तर?" बाईंनी विचारलं.

"तर बहुतेक हात राहिले असते. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. कुणाच्या पायगुणाचा नाही."

नणंद म्हणाली, जाऊ द्या आता, जीव तर वाचवला ना त्यांनीच. बाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू गप." मग तळव्यांना चिकटलेले दाणे त्यांनी ताटात झटकले.

"मी देवीला इचारून इचारून दमले," त्या म्हणाल्या, "माझं काय चुकलं म्हून. उपास धरलं. हिला नाय नाय ते बोलले." आणि पहिल्यांदाच त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. माफी वगैरे काही मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, "ऊठ. पानं वाढायला घे."

मॅडमनी पदर पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, हे काढून घ्या. बाई म्हणाल्या, "भरल्याली वटी माघारी घेत न्हाईत. आन् उपाशी बी धाडत न्हाईत. जेवून जावा. पर फिरून येऊ नका."

आम्ही जेवलो. सून वाढत होती, पुरणपोळी, आमटी, तूप, आणि बायका तिला वाट करून देत होत्या. कंबरेला खोचलेल्या ओटीसकट मॅडम खाली मान घालून जेवत होत्या. पानात त्यांनी काही टाकलं नाही, काही मागितलंही नाही. समोर बाईंना त्यांची नणंद भरवत होती.

हात धुवायला आम्ही मागच्या अंगणात गेलो. पाणी घालायला तीच मुलगी आली, तांब्या घेऊन. जवळून बघितलं तेव्हा कळलं, किती लहान होती. मला वाटलं, ही आता मॅडमचे आभार मानेल. मॅडमच्या हातांवर ती पाणी घालत होती आणि पाण्याकडेच बघत होती.

"म्याडम," ती म्हणाली, "हे तुमाला कवा कळलं?"

"तुमच्या सासूबाई वॉर्डात होत्या तेव्हाच."

"मी दाराशी हुबी असायची तवा?"

"हो."

"मंग एवढं दिस का लावलं?"

रस्त्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा तोंडावर उत्तर देणाऱ्या मॅडमनी हात पुन्हा धारेखाली चोळायला घेतले. हात स्वच्छ झाले तरी त्या ते पाण्याखाली धरून उभ्या होत्या. शेवटी मुलीनेच धार थांबवली, तांब्या पुन्हा भरून घेतला आणि माझ्याकडे वळली. मी हात पुढे केले.

"आन् तुमाला?" तिनं विचारलं.